वन्सं दीडशे, मामंजी चार

गिरणीत त्यांना सगळे चौकटबाई म्हणत. सव्वीस वर्षं त्या खिडकीशेजारच्या टेबलावर बसून आलेखाच्या कागदावरच्या चौकटी रंगवत आल्या होत्या. एक चौकट म्हणजे एक धागा. गिरणी तंबूंचं, आरामखुर्च्यांचं, दुकानांपुढच्या छपरांचं जाड, पट्ट्यापट्ट्यांचं कापड विणायची, आणि कुठला पट्टा किती धाग्यांचा हे चौकटबाई ठरवायच्या. कोणी विचारलं की त्या सांगत, "मी रंगारी आहे, फक्त भिंत फार लहान आहे." हा विनोद त्यांनी सव्वीस वर्षांत बदलला नव्हता. चाललेली गोष्ट बदलू नये असं त्यांचं मत होतं.

मग संगणक आला, आणि त्याच्यासोबत आकड्यांची एक भाषा आली. तिच्यात रंगांना स्थान नव्हतं. काळा म्हणजे एक, पांढरा म्हणजे दोन, लाल तीन, पिवळा चार. या आकड्यांची एक लांबलचक ओळ तयार करायची आणि ती मागाला पाठवायची. जितके उभे धागे तितके आकडे. कापडाच्या पन्ह्यात उभे धागे चोवीसशे. चोवीसशे आकडे हाताने टाइप करणं म्हणजे पुन्हा चौकटीच रंगवणं, म्हणून भाषेत पुनरावृत्तीसाठी दोन शब्द होते. तीन दिवसांचं प्रशिक्षण द्यायला आलेल्या गृहस्थांनी ते एका दमात सांगून टाकले. पहिला शब्द प्रत्येक आकडा जागच्या जागी वाढवतो: एक एक एक, दोन दोन दोन. दुसरा आख्खी ओळ उचलून पुन्हा मांडतो: एक दोन तीन, एक दोन तीन.

"सोपं आहे," गृहस्थ म्हणाले. सोपं आहे म्हणणारा माणूस संध्याकाळच्या गाडीने निघून जाणार असतो, हे चौकटबाईंना अनुभवाने ठाऊक होतं.

दोन्ही शब्द परक्या भाषेतले, आणि दोघांची सुरुवातीची अक्षरं सारखीच. एकसारखे फ्रॉक घातलेल्या जुळ्या बहिणी जशा. चौकटबाई दोन दिवस त्यांच्यात गोंधळल्या. तिसऱ्या दिवशी घरी जेवायला बसल्या, आणि उत्तर त्यांच्या समोर, ताटाच्या पलीकडे बसलेलं होतं.

डावीकडे वन्सं, म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर. खरखरत्या तारांवरून बोलायचं म्हणजे एक शब्द तीनदा म्हणावा लागे, आणि निवृत्त झाल्यावर तार सुटली तरी सवय सुटली नाही. "वहिनी वहिनी वहिनी, मीठ मीठ मीठ," वन्सं म्हणत होत्या. प्रत्येक शब्द जागच्या जागी.

उजवीकडे मामंजी, म्हणजे सासरे. त्यांच्याकडे गोष्ट एकच होती: ऐन उमेदीत ते त्यांच्या बड्या साहेबाबरोबर तीन तास लिफ्टमध्ये कसे अडकले. गोष्ट वीस मिनिटांची. संपली की ते पाणी पीत आणि म्हणत, "तर सूनबाई, त्या दिवशी झालं असं." शब्द एकही दोनदा नाही; आख्खी गोष्ट मात्र पहिल्यापासून.

चौकटबाईंनी घास तसाच ठेवला आणि हात धुवून वही काढली. त्या भाषेत आपल्या पसंतीची नावं देता येतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या शब्दाचं नाव ठेवलं वन्सं, दुसऱ्याचं मामंजी. त्यानंतर गोंधळ असा झालाच नाही. हाताएवढे, म्हणजे पंजाइतके रुंद पट्टे हवेत? चार रंग घ्या, वन्सं दीडशे, की प्रत्येक रंगाचे दीडशे धागे एका जागी. झाले सहाशे. मग मामंजी चार, की ती सहाशेंची ओळ चार वेळा पहिल्यापासून. चोवीसशे. विणकामाचे मास्तर पडद्यावर डोकावून म्हणाले, "बाई, घरच्या माणसांना कामाला लावलंत की."

"घरी तरी ती काय करतात," चौकटबाई म्हणाल्या.

मॅनेजरसाहेबांना मात्र यात विनोद दिसत नव्हता. शहरातली एक डिझाइन कंपनी त्यांच्या मागे लागली होती. त्यांनी बाईंना बोलावून स्वच्छ सांगितलं, "बाई, संगणकावरची पहिली ऑर्डर बिनचूक गेली तर डिझाइनचं काम इथेच राहील. नाही गेली, तर काम बाहेर जाईल आणि तुमचं टेबल घडीखात्यात."

घडीखातं म्हणजे तळमजल्यावरची लांब खोली, जिथे तयार कापडाच्या घड्या घालतात. तिथे खिडकी नाही. घडी आधी डावीकडून, मग उजवीकडून. त्यात डोक्याला काही काम नाही. चौकटबाईंनी "बरं" म्हटलं. सव्वीस वर्षांनंतर माणूस साहेबाला एवढंच म्हणू शकतो.

पहिली ऑर्डर आली चक्रीवाल्यांची. मोठ्या बागेच्या तोंडाशी त्यांची लाकडी घोड्यांची फिरती चक्री होती आणि तिचं छत विटलं होतं. चक्रीवाले चार रंगांचे नमुने चाचपून म्हणाले, "पट्टे हाताएवढे पाहिजेत. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबला पाहिजे. थांबला की मी बसवतो त्याला."

आता त्याच दिवशी घरी काय घडलं ते सांगायला हवं, कारण गिरणीतल्या एकाही माणसाला ते माहीत नव्हतं आणि नुकसान मात्र गिरणीचं झालं.

मामंजींना नवी कवळी बसवली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की प्रत्येक शब्द सावकाश, पुन्हा पुन्हा म्हणा, म्हणजे दात बसतील. मामंजी सकाळपासून अंगणात उभे राहून म्हणत होते, "चमचा. चमचा. चमचा. सुतळी. सुतळी. सुतळी." लिफ्टची गोष्ट बंद. आणि वन्संचं वरच्या मजल्यावरच्या बाईंशी पाण्याच्या टाकीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. त्या रागात त्यांना शब्द तीनदा म्हणायला फुरसत नव्हती. आख्खं भांडण, "मी जिना चढले" पासून "मी पण ऐकून घेतलं नाही" पर्यंत, त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, मग भावाला, मग वहिनीला, मग पुन्हा भावाला, तो चपला घालत असताना. चौकटबाई घरातून निघाल्या तेव्हा सहावी खेप चालू होती.

गिरणीत त्या टेबलाशी बसल्या. चार रंग लिहिले. प्रत्येक रंग जागच्या जागी दीडशे वेळा. जागच्या जागी कोण बोलतं? चमचा, चमचा, चमचा. त्यांनी लिहिलं: मामंजी दीडशे. मग सगळं पहिल्यापासून चार वेळा. पहिल्यापासून कोण सांगतं? हे काय विचारायचं झालं. वन्सं चार.

बेरीज केली: चोवीसशे. प्रत्येक रंगाचे सहाशे. मास्तरांनीही बेरीज केली: चोवीसशे, सहाशे. सूत मोजून आलं, मोजूनच संपलं. चार दीडशे काय नि दीडशे चार काय, सहाशे ते सहाशेच. सगळा हिशोब इतका बरोबर होता की चूक सापडायला जागाच नव्हती.

सोमवारी मागावर उभे धागे चढवून झाले, मंगळवारी पहिलं दोन हात कापड निघालं. चक्रीवाले नमुना बघायला आले होते. मास्तरांनी कापड टेबलावर उलगडलं.

हाताएवढे पट्टे नव्हतेच. चार धागे काळे, चार पांढरे, चार लाल, चार पिवळे, आणि असं दीडशे वेळा. प्रत्येक पट्टी काडेपेटीतल्या काडीएवढी. कापड टेबलावर स्वस्थ पडलं होतं आणि तरी ते हलत होतं. काठाकडून मध्याकडे सरकत होतं, मध्यावर फुगत होतं, आणि बघणारा सोडून बाकी सगळं त्याच्यासोबत जात होतं. मॅनेजरसाहेब खाली वाकले, आणि मग सावकाश खुर्चीवर बसले.

"मला जरा गरगरतंय," ते म्हणाले.

चक्रीवाले एक डोळा मिटून बघत होते. "चांगलं आहे," ते अखेर म्हणाले. "हे लावलं तर चक्री फिरवायला नको. माणूस घोड्यावर बसला, वर बघितलं, की झालं. वीज वाचेल." मग त्यांनी दुसराही डोळा मिटला. "पण बाई, मला हे नकोय. माझ्याकडे माणसं चक्कर मागायला येतात, ती मी देतो. तुम्ही आधीच दिलीत तर मी काय देऊ? हाताएवढे पट्टे द्या. गुरुवारी चार वाजता येतो."

ते गेले. साहेबांनी टेबलाचा काठ धरून विचारलं, "बाई, हे काय आहे?"

चौकटबाई पडद्यावरची ओळ वाचत होत्या. वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांना हसू फुटलं. प्रसंग हसायचा मुळीच नव्हता, टेबल जाणार होतं, पण ते हसू बाईंचं ऐकेना.

"साहेब," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या मामंजींनी दात बसवले."

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघत होते.

"आणि वन्संचं टाकीवरून भांडण झालं," बाईंनी खुलासा पूर्ण केला. साहेब उठले, आणि बाहेरच्या कंपनीला फोन लावायचा तो शुक्रवारी सकाळी लावीन, एवढं सांगून भिंतीच्या आधाराने गेले.

उभे धागे पाऊणशे हात कापडाचे, मागावर चढलेले. ते उतरवून नवे भरायचे म्हणजे सहा दिवस. हाताशी होते दोन.

"उभं झालं ते झालं," मास्तर म्हणाले. "त्याला आता देव आला तरी बदलता येत नाही."

"आडवे धागे?"

"आडवे तुमचेच आहेत. ते अजून विणायचेत."

चौकटबाईंनी कापडाचा तुकडा उचलला, फिरवला, तिरका धरला, आणि पटकन उलटा ठेवला, कारण खोली पुन्हा हलायला लागली. "मास्तर, असं विणता येईल का, की एका बाजूला नुसते आडवे धागे दिसतील आणि उभे सगळे मागच्या बाजूला जातील?"

"येईल की. पण मग तुमचे पट्टेही आडवे होतील."

"होऊ देत. ती बाजू खाली ठेवू, बघणाऱ्यांच्या. वरची बाजू कावळ्यांना."

"कावळे पडतील बाई," मास्तर म्हणाले, पण ते बाह्या दुमडायला लागले होते.

आकडे आता रुंदीचे नव्हते, लांबीचे होते. ओळ आडवी होती ती उभी मांडायची, पण पुनरावृत्तीचे शब्द तेच दोन. चौकटबाईंनी टाइप करायला बोटं उचलली आणि खाली ठेवली. बेरजेवर त्यांचा विश्वास उडाला होता. बेरीज ही सगळ्यांशी गोड बोलणारी बाई आहे, असं त्यांच्या आता ध्यानात आलं. त्यांनी आधी छोटा खेळ मांडला: वन्सं दोन, मामंजी तीन. आलेले आकडे त्या मोठ्याने वाचू लागल्या आणि मास्तर प्रत्येक आकड्याला रंग सांगू लागले.

"एक, एक."

"काळा, काळा."

"दोन, दोन."

"पांढरा, पांढरा."

लाल लाल, पिवळा पिवळा, आणि पुन्हा पहिल्यापासून काळा काळा. बाजूच्या मागावरच्या दोघी कामगार बायका बघायला आल्या आणि तिसऱ्या फेरीला त्याही म्हणायला लागल्या. शेवटच्या पिवळ्याला चौघंही एका सुरात होती आणि कोणाला थांबायचं नव्हतं.

"आणखी एकदा घ्या," त्यातली एक म्हणाली.

"आता मागच घेईल," बाई म्हणाल्या, आणि खरे आकडे भरले.

गुरुवारी चार वाजता बागेच्या तोंडाशी छत चढलं. बारा फाकी शिवून, आडव्या पट्ट्यांची बाजू खाली. आडवे पट्टे फाकीला फाक जुळले आणि त्यांची वर्तुळं झाली: मधोमध काळं, त्याभोवती पांढरं, लाल, पिवळं, पुन्हा काळं, काठापर्यंत. चक्रीवाल्यांनी कळ दाबली. घोडे निघाले. चक्रीवाले रस्त्यावर जाऊन उभे राहिले, मान वर करून.

"बाई," ते म्हणाले, "छत फिरत नाहीये."

"फिरतंय. घोड्यांबरोबरच फिरतंय. पट्टे गोल आहेत ना, वर्तुळ फिरलं तरी तिथेच दिसतं."

"नाही फिरत."

"हात लावून बघा."

त्यांनी काखेतल्या छत्रीची मूठ वर केली, छताच्या झालरीला लावली. मूठ खटखटत गेली. तेवढ्यात पिशव्या घेतलेलं एक जोडपं थांबलं. नवरा म्हणाला, घोडे फिरतात, छत पक्कं आहे. बायको म्हणाली, तुला दिसतं तरी का काही. मागून आलेल्या टपाल्याने सायकल टेकवली आणि मध्येच स्वतःचं मत दिलं. पाच मिनिटांत रस्त्यावर बारा-तेरा माणसं उभी होती आणि दोन तट पडले होते.

"वर बसून बघा की," चक्रीवाले त्यांना म्हणत होते. "खालून कळायचं नाही." आणि लोक बसत होते. सातवा घोडा भरल्यावर ते बाईंकडे वळले. "हाताएवढे सांगितले होते. हाताएवढे आहेत. माझी तक्रार नाही."

मग त्यांनी मॅनेजरसाहेबांनाही हाताला धरून पांढऱ्या घोड्यावर बसवलं. साहेबांनी दांडा दोन्ही हातांनी कवटाळला. चक्री सुटली. चौकटबाई कठड्याशी उभ्या होत्या. उद्या शुक्रवार होता.

साहेब पहिल्यांदा समोरून गेले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्यांदा उघडले होते. "बाई," ते म्हणाले, आणि पलीकडे गेले.

बाई थांबल्या.

"तुमचं टेबल," साहेब म्हणाले, आणि गेले.

बाजूला मास्तर उभे होते. "क्रियापद राहिलं," ते हळूच म्हणाले.

"घडीखात्यात," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढऱ्या घोड्यासारखा झाला होता. ते पुन्हा वळणाआड गेले, आणि ही फेरी बाकीच्यांहून लांब होती. बाईंनी कठडा धरला. कुठलं वाक्य कुठे जाणार हे आपल्या भाषेत शेवटपर्यंत कळत नाही.

"न्यायची," साहेब म्हणाले.

"गरज?" बाई त्यांच्या मागून ओरडल्या, पण घोडा निघून गेला होता.

पुढच्या फेरीला साहेब दांड्यावर वाकलेले होते. त्यांनी तोंडावर हात धरला होता. त्याच्या पुढच्या फेरीला त्यांनी हात काढला, मोठा श्वास घेतला, आणि बाईंसमोर येताच घाईघाईने उरलेलं सगळं एकदम बोलून टाकलं.

"गरज नाही, आणि हे आधी थांबवा."