खारपाणपट्ट्यातला अनंत

झाडाला पाणी घालण्याआधी मोठीमाय ते पाणी चाखून पाहायची. ओंजळीत थोडं घ्यायची, जिभेला लावायची, क्षणभर डोळे मिटायची आणि मग एक तर मान हलवायची किंवा ते पाणी अंगणाच्या कडेला फेकून द्यायची. माणसांना पाणी देताना मी तिला असं काही करताना पाहिलं नाही. त्याबद्दल तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, "माणूस कुरकुर करते अन् पिऊन घेते. झाड कुरकुर करत नाही बाबू. सरळ मरून जाते."

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. वडनेर भोलजीहून पूर्णा नदीच्या अंगाला निघालं की आमचं गाव लागतं. हा सगळा खारपाणपट्टा. माती काळी आणि कसदार, पण तिच्या पोटातलं पाणी खारं. विहीर खणा नाही तर बोअर मारा, साबणाला फेस येत नाही आणि वाळलेल्या भांड्यांवर पांढरे ओघळ उमटतात. अशा गावात मोठीमायनं अंगणात अनंत वाढवला होता. बारा महिने हिरवंगार असणारं ते झुडूप, तेलाचा हात फिरवल्यासारखी पानं, आणि दुधावरच्या सायीसारखी जाड, पांढरी फुलं. अनंताला आंबटसर भुसभुशीत माती लागते आणि गोडं पाणी लागतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. तरीही ते झाड खिडकीच्या वर गेलं होतं. लहानपणी मला त्यात विशेष वाटत नसे. पुढे शिकलो, चार पुस्तकं वाचली, आणि मग त्या झाडाचं नवल वाटू लागलं.

ती मूळची घाटावरची, सुलतानपूरकडची. घाटावरची मुलगी घाटाखाली आली की आधी पाण्याशी भांडते, असं आमच्याकडच्या बायका गमतीनं म्हणतात. मोठीमाय भांडली नाही. रोपांची हातगाडी घेऊन खामगावचा एक माणूस गावोगाव फिरत असे. त्याच्याकडे तिनं अनंताचं रोप पाहिलं. तो माणूस सरळ होता. म्हणाला, "बाई, गुलाब घ्या, जास्वंद घ्या. हे नका घेऊ. तुमच्या पाण्यात हे जगत नाही."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो ना. माह्या हातचं रोप हाय."

"मंग देऊनच टाक. पाहू कोणाचं खरं होते ते."

पहिलं रोप मेलं. दुसरंही मेलं. गाडीवाल्यानं तिसरं रोप देताना कपाळाला हात लावला, हे ती स्वतःच हसत हसत सांगायची. तिसऱ्या वेळी मात्र तिनं आधी अंगणात कमरेइतका खड्डा करवून घेतला, काळी माती सगळी बाहेर काढली, आणि माहेराहून येताना प्रत्येक वेळी एक पोतं लाल माती आणायला सुरुवात केली. एस.टी.च्या टपावर ते पोतं चढवताना कंडक्टर विचारायचा, "काय हाय यात, मावशी?" ती म्हणायची, "माहेर." तो खड्डा भरायला किती खेपा लागल्या ते तिनं कधी मोजलं नसावं. मोजणाऱ्याच्या हातून असं काम होत नाही.

पाण्याची सोय तिनं छपरावर केली. पावसाळ्यात टिनावरून पडणारं पाणी पन्हळीनं एका झाकणाच्या हौदात जायचं आणि त्या झाकणाला कुलूप असायचं. हे पाणी फक्त अनंताचं. चहाचा धुतलेला चोथा, पातळ केलेलं आंबट ताक, कुजलेला पालापाचोळा हा त्याचा खुराक. पानाच्या मागे पांढरा चिकटा दिसला की जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यानं ती एकेक पान पुसायची, बाळाचं तोंड पुसावं तशी, वरून एकदा, खालून एकदा. मोठेबाबा, म्हणजे माझे काका, होते तोवर ओट्यावरून ओरडायचे, "आमचंबी तोंड पुस कधी!" ती मागे वळून न पाहता म्हणायची, "तुमाले कोणता बहर येऊन राह्यला?"

गावात मुलगी पाहायला पाहुणे येणार असले, की त्या सकाळी ती मुलगी आमच्या अंगणात यायची. मागावं लागत नसे. मोठीमाय झाडाभोवती फिरायची, आदल्या संध्याकाळी उमललेलं एक फूल देठासकट खुडायची आणि स्वतःच्या हातानं तिच्या वेणीत खोवायची. गावातल्या बऱ्याच लग्नांचं श्रेय लोक त्या झाडाला देत. मोठीमायला ते आवडत नसे. फूल खोवताना ती मुलीच्या कानात एकच सांगायची, "फुलाले पाहून जो हो म्हणीन, त्याले तू नाही म्हणजो."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तिचे पाय सुजायला लागले. खाऱ्या पाण्याच्या आमच्या भागात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. किडन्या थकल्या होत्या. अकोल्याच्या दवाखान्यात ती बरेच दिवस होती. तिची सून, वर्षावहिनी, तिच्यापाशी होती आणि तिचा मुलगा, आमचा दादा, शेत आणि दवाखाना यांच्यात फिरत होता. घराला कुलूप, हौदालाही कुलूप, आणि दोन्ही किल्ल्या मोठीमायच्या कमरेला. झाडाचं काय, हा विचार त्या धावपळीत कोणाच्या मनात आला नाही.

म्हणजे घरच्यांच्या मनात आला नाही. गल्लीच्या मनात आला होता.

ती परत आली त्या दिवशी मी तिथं होतो. रिक्षातून उतरून ती ओट्यावर टेकली आणि तिनं झाडाकडे पाहिलं. पानं पिवळी पडली होती, फक्त शिरा हिरव्या राहिल्या होत्या. कडा जळल्यासारख्या तपकिरी. कळ्या गळून बुंध्याशी काळ्या पडल्या होत्या, आणि मातीवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरला होता. वर्षावहिनीनं तोंडाला पदर लावला. भेटायला जमलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

शेवटी समोरचे जनार्दनकाका म्हणाले, "माय, झाड सुकू नये म्हनून म्या सकाळी एक तांब्या टाकत होतो. एकच."

"म्याबी एकच टाकला," शेजारच्या शेवंताबाई म्हणाल्या.

"आमच्या घरचाबी एकच," मागून कोणीतरी म्हणालं. "म्हटलं, एका तांब्यानं काय होते?"

एकेक करत सगळी गल्ली बोलली. हौदाच्याच पाण्याचं हे झाड आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण हौदाला कुलूप होतं आणि झाड तहानलेलं दिसत होतं. प्रत्येक घरानं, दुसऱ्याला न सांगता, आपल्या बोअरचा एक तांब्या रोज दिला होता. सगळ्या गल्लीच्या मायेनं ते झाड मारत आणलं होतं. मला वाटलं, मोठीमाय आता रडेल. निदान गप्प तरी बसेल. ती सगळ्यांकडे पाहत राहिली आणि एकदम हसली.

"म्हंजे अख्ख्या गल्लीनं मिळून त्याले आंघोळ घातली! बरं झालं मी दवाखान्यात होती. नाही तं मलेबी असंच पाजलं असतं तुमी." डॉक्टरांनी तिला दिवसभरात एका बाटलीच्या वर पाणी प्यायला मनाई केली होती.

जनार्दनकाकांना हसू आलं नाही. त्यांच्याकडे प्यायला फिल्टरच्या पाण्याचा जार येत असे. ते म्हणाले, "उद्यापासून आमचा जार तुह्या झाडाले." मग इतरही म्हणू लागले. मोठीमायनं हात वर केला.

"लेकराईच्या तोंडचं पाणी मी झाडाले टाकीन, तं मंग त्या झाडाकडे मले पाहवन का रे जनार्दन? नाही. वर्षा, हौद उघड. किती पाणी हाय ते पाह्य."

हौदाच्या तळाला वीतभर पाणी होतं. पाऊस अजून लांब होता. तेवढ्या पाण्यात खिडकीएवढं झाड जगवणं शक्य नव्हतं. ते सगळ्यांना दिसत होतं. मला वाटलं, आता ती आशा सोडेल. तिनं छाटणीची कैची मागितली.

ते दृश्य मी विसरणार नाही. ती स्टुलावर बसली, सुजलेले पाय पुढे पसरले आणि झाड कापायला लागली. आधी वरचे शेंडे, मग बाजूच्या फांद्या, मग ज्या फांद्यांवरून गावातल्या कितीतरी मुलींच्या वेणीत फुलं गेली होती त्या जाड फांद्या. हात थांबत नव्हता. शेवंताबाईंना राहवेना. "अवं माय, काऊन एवढं कापून राह्यली? काई तं ठेव."

मोठीमाय शांतपणे म्हणाली, "जितकं पाणी हाय, तितकंच झाड ठेवा लागते."

अंगणात पिवळ्या पानांचा ढीग पडला आणि मधे गुडघ्याएवढे खुंट उरले. मग तिनं दादाकडून वरची खारी माती खरवडून घेतली, घरात उरलेली लाल माती पसरवली आणि कडेनं चार काठ्या रोवून वर तरटाची सावली केली. वर्षानुवर्षं वाढवलेलं असं एका दुपारी उतरवायचं, आणि चेहऱ्यावर आठी नाही. मी पुष्कळ धीराची माणसं पुस्तकांत वाचली आहेत. त्या दुपारी मी एक प्रत्यक्ष पाहिलं.

त्यानंतर दोघांचंही पाणी मोजूनमापून सुरू झालं. सकाळी वर्षावहिनी तिची बाटली भरून तिच्या उशाशी ठेवायची, आणि हौदातलं भांडंभर पाणी त्या खुंटांच्या मुळाशी. मी खामगावला राहत होतो, तिथून आठवड्याला जात असे. एकदा ओट्यावर तिच्या शेजारी बसून विचारलं, "मोठीमाय, तहान लागत असेल ना फार?"

"लागते ना. घसा वाळून जाते." मग झाडाकडे पाहत म्हणाली, "पण तहानेनं कोणी लगेच मरत नाही. घाईनं मरते. झाडबी."

तिनं तहानेची तक्रार त्याआधी केली नव्हती आणि त्यानंतरही केली नाही. खुंट तसेच होते. ना डोळा फुटला, ना पान. गल्लीतले लोक अंगणाकडे न पाहता जाऊ लागले. जनार्दनकाकांनी तर येण्याजाण्याचा रस्ताच बदलला.

शेवटचं अकोल्याला नेलं तेव्हा रिक्षात बसण्याआधी तिनं दादाला थांबायला सांगितलं. झाडापाशी गेली, वाकली आणि एका खुंटाची साल नखानं जराशी खरवडली. आत हिरवं होतं, अगदी फिकट, ओलसर हिरवं. तिनं ते वर्षावहिनीला दाखवलं, मला दाखवलं आणि मग मोठ्यानं हाक मारून समोरच्या घराला सांगितलं, "जनार्दन, जित्ता हाय रे! तोंड लपवत फिरू नको!"

ती परत आली नाही. पान तिनं पाहिलं नाही. ते तिच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी फुटलं. मोहरीएवढा हिरवा ठिपका, मग दुसऱ्या खुंटावर आणखी एक. वर्षावहिनीनं मला फोन करून सांगितलं.

तिच्या वर्षश्राद्धाला मी गेलो ते एक आशा मनात धरून. त्या आधीच्या आठवड्यात दादानं सांगितलं होतं की झाडाला कळी धरली आहे, एकच, पण टपोरी. ते फूल मोठीमायच्या फोटोपुढं ठेवायचं, असं मी वाटेत ठरवून टाकलं होतं. अंगणात शिरलो तो आधी झाडापाशी गेलो. नव्या फांद्या मांडीपर्यंत आल्या होत्या आणि पानं चकाकत होती. कळी कुठं दिसेना. शेंड्याला नुसता ताजा तुटलेला देठ होता.

"वहिनी, कळी?"

वर्षावहिनी परात हातात घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "काल खुडली म्या, भाऊजी."

"काऊन? आज तिचं वर्षश्राद्ध. पहिलं फूल होतं ते."

"झाड अजून अशक्त हाय," ती म्हणाली. "एका फुलाले लय जोर लागते. औंदा त्याले मुळं धरू द्या." मग माझा चेहरा पाहून जरा नरमाईनं म्हणाली, "फोटोले बाजारातून हार आणला ना. शेवंतीचा. चांगला हाय."

मी आत जाऊन हात धुतले आणि तो शेवंतीचा हार फोटोला घातला.