सगळ्या आळीचा एकच रोगी

आमच्या आळीत त्या वर्षी एकच माणूस आजारी होता, आणि ते म्हणजे आमचे काका. माझ्या सासऱ्यांचे ते धाकटे भाऊ. वय पन्नाशीच्या पुढे, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, नोकरी कधी केली नाही. सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारून येत आणि तांदळाच्या सात भाकऱ्या खात. त्यांना शिंकताना कोणी पाहिले नव्हते. तरी ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात आमच्या आळीतून तेवढे तेच जात, आणि आठवड्यातून तीनदा जात.

हे कसे झाले ते लिहिते.

दवाखाना कोर्टाच्या रस्त्याला नवाच निघाला होता. कोणीही जावे, डाक्तराने तपासावे, औषध फुकट घेऊन घरी यावे. फक्त बाटली आपली न्यायची. मामंजी कचेरीत कारकून होते, त्यामुळे दवाखाना अर्धा आपणच काढला असे त्यांना वाटे. संध्याकाळी ओटीवर बसून ते सांगत, "सरकारच्या तिजोरीला तळ नाही. सगळ्यांना औषध पुरेल. एवढ्या श्रीमंत सरकारनं नाही द्यायचं तर कोणी द्यायचं?"

समोरच्या घरात मिठागरवाले राहत. खाडीपलीकडे कळव्याच्या बाजूला त्यांची मिठागरे होती. ते रोज पान खायला आमच्या ओटीवर येत आणि मामंजी जे म्हणतील त्याला नाही म्हणत.

"सगळ्यांना?" ते विचारत.

"सगळ्यांना."

"फुकट?"

"फुकट."

"मग उद्या सगळे आजारी पडतील. मला आत्ताच कसंसं व्हायला लागलंय."

मामंजी हसत नसत. मग मिठागरवाले मुद्द्यावर येत. "आणि ही तिजोरी भरते कशानं? माझ्या मिठावर कर बसवलाय त्यानं. तुमच्या घरात जी बाटली येते ना, ते माझं मीठ आहे, पाण्यात विरघळवलेलं."

"तुमचं कसं? कर तुम्ही किमतीवर चढवता, मीठ खातो आम्ही. आमचंच आम्हाला परत मिळतं."

"मग ते फुकट कुठं झालं?"

इथे मामंजी थांबत आणि पानाला चुना लावायला घेत. चुना बराच वेळ लावत.

सासूबाई हे सगळे दाराआडून ऐकत. त्यातले त्यांना एवढेच पटले की आपण जितके मीठ खाऊ तितके औषध वाढेल. पुढचे पंधरा दिवस आमची आमटी तोंडात धरवत नव्हती. मामंजी मुकाट्याने जेवत, कारण मुद्दा त्यांचाच होता.

पण दवाखान्यात जायचे कोणी? डाक्तर माणूस पाहिल्याशिवाय औषध देत नसे, आणि परक्या पुरुषासमोर जीभ काढून बसायला आळीतली एकही बाई तयार नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "माझी जीभ माझ्या आईनंतर कोणी पाहिली नाही, आणि आता दाखवायचीही नाही." त्यांचे गुडघे मात्र फार दुखत. तेव्हा काकांना पाठवायचे ठरले. काका जाताना खरे तेच सांगणार होते. पण डाक्तराने विचारले, "गुडघे कोणाचे?" तर चारचौघांत वहिनीच्या गुडघ्यांचे नाव कसे काढायचे म्हणून काका गोंधळले, आणि म्हणाले, "माझेच."

तेलाची बाटली मिळाली. सासूबाईंना उतार पडला. ही गोष्ट दुपारपर्यंत आळीभर झाली.

मग सगळ्यांचीच दुखणी काकांकडे येऊ लागली. दुपारी पुरुष कामावर गेले की आमच्या माजघरात त्यांची तालीम चाले. काका झोपाळ्यावर बसत आणि बायका त्यांना आपापला आजार शिकवत. मिठागरवाल्यांच्या बायकोला खोकला होता. ती फार बारकाईने शिकवी.

"असा नव्हे हो काका. तुम्ही एकदम खोकता. मला आधी घशात खवखवतं, मग मी डोळे मिटते, मग पदर तोंडाला लावते, आणि मग येतो."

काका उपरण्याचे टोक तोंडाला लावून डोळे मिटत.

"हां. आता थोडा अजून खोल."

"खोल गेला तर परत वर येईल का?" काका विचारत, आणि सगळ्या बायका हसत. मीही कोपऱ्यात तांदूळ निवडता निवडता हसे. काकांना हे काम आवडू लागले होते. आळीच्या तोंडाशी आले की त्या दिवशी ज्याचे दुखणे असेल तसे ते चालू लागत.

डाक्तर तरुण होता, मुंबईस शिकून आलेला, आणि मन लावून काम करणारा. तो सगळे लिहून ठेवी. पुढे पुढे त्याला शंका आली असावी की हा माणूस औषध घेत नाही, कारण पहिला घोट तो समोर प्यायला लावू लागला. शेवटच्या घरच्या आजींचे पोट साफ होत नव्हते. त्यांच्यासाठी काका गेले आणि पेलाभर एरंडेल तिथेच पिऊन आले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ते तळ्याच्या फेरीला गेले नाहीत. आजींना मात्र काका पेलाभर प्यायले एवढे ऐकूनच बरे वाटले.

आता माझे. मला या घरात येऊन दोन वर्षे झाली होती. इकडची स्वारी नोकरीनिमित्त भुसावळला असे. दिवाळीनंतर माझा डावा कान आधी खाजू लागला, मग ठणकू लागला, मग त्यातून पाणी येऊ लागले, आणि शेवटी तो बंदच झाला. मी कोणाला बोलले नाही. डाव्या बाजूने कोणी हाक मारली तर मला कळत नसे. सासूबाईंना वाटले मला गर्व झाला. "चार इयत्ता शिकलीय ना, एका हाकेला ओ देईल कशी," असे त्या म्हणत. हे त्या उजव्या बाजूने म्हणत, म्हणून मला ऐकू येई.

माझ्या माहेरी माझी मावशी होती. तिशीच्या आत तिचे दोन्ही कान गेले. ती बसलेली असतानाच लोक तिच्याविषयी बोलत, तिचे पाय किती वाजतात, तिची भाजी कशी बिघडते, आणि ती सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून हसत राही. मला ती एकसारखी आठवे. पौषात माझा उजवा कान खाजू लागला. त्या दिवशी मी घाबरून सासूबाईंना सांगितले.

त्यांनी राग सोडला आणि लसूण घालून तेल कोमट केले, कानात ओतले, वर कापूस बसवला. असे आठ दिवस केले. ठणका वाढला. मग काकांना बोलावणे गेले. काकांनी माझे दुखणे मन लावून शिकून घेतले, डाव्या कानावर हात ठेवला आणि निघाले.

तासाभराने परत आले ते हात खाली सोडून. ओटीवर मामंजी आणि मिठागरवाले बसलेले होते. काका त्यांच्यामध्ये जाऊन बसले आणि म्हणाले, "आज पकडलो गेलो."

"काय झालं?" मामंजींनी विचारले.

"त्याच्याकडे एक चांदीची नळी आहे. ती कानात घालून तो आत बघतो. आत दिसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. म्हणाला, गुडघे दुखतात म्हणालात, मी मानलं. खोकला मी ऐकला. पण कानातून पाणी येतं म्हणता, आणि कान तर लखलखीत आहे. हा कान कोणाचा? मी म्हटलं, माझाच, डोक्याला लागलेला दिसत नाही का."

मिठागरवाल्यांना हसू आवरेना. काका पुढे म्हणाले, "त्यानं वही मिटली. म्हणाला, ज्याचा दुखतोय त्याला घेऊन या. दुखणं दुसऱ्याच्या हाती पाठवू नका."

मग मिठागरवाले पानाचे देठ खुडत म्हणाले, "काय मग? सगळ्यांना ना?"

"सगळ्यांना म्हणजे..." मामंजी म्हणाले.

"म्हणजे काकांना."

मामंजींचा चेहरा मी दाराच्या फटीतून पाहिला. माझा कान त्या चेहऱ्यावर अवलंबून होता. या वेळी त्यांनी चुन्याची डबी बाजूला सारली. मग म्हणाले, "उद्या सूनबाई जाईल. आणि तुमच्या घरातूनही येतील, आपला खोकला घेऊन."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सासूबाई, मिठागरवाल्यांची बायको, शेवटच्या घरच्या आजी आणि मी. काका पुढे. मामंजी त्यांच्याही पुढे वीस पावले, आपण कचेरीत चाललो आहोत आणि मागच्या बायकांशी आपला संबंध नाही, अशा चालीने. दवाखान्यात काकांना सगळे ओळखत होते. पट्टेवाल्याने त्यांना बसायला बाक पुसून दिला.

सासूबाई पायरी चढल्या, गुडघ्यावर हात दाबला आणि "आई गं" म्हणाल्या. डाक्तराने टाक खाली ठेवला.

"थांबा," तो म्हणाला. "हे गुडघे मी ओळखतो."

तेवढ्यात मिठागरवाल्यांच्या बायकोने डोळे मिटले आणि पदर तोंडाशी नेला. डाक्तर तिच्याकडे पाहत राहिला. तिचा खोकला संपल्यावर म्हणाला, "हा माझ्याकडे दसऱ्यापासून येतोय." मग त्याने आजींकडे पाहिले आणि विचारले, "आणि एरंडेल तुमचं?" आजींनी मान हलवली.

तो रागावेल असे मला वाटले होते. पण त्याने काकांकडे पाहून मोठा श्वास सोडला. "मला वाटत होतं हा गृहस्थ संक्रांत बघत नाही. एवढे रोग एका माणसात! मोठ्या साहेबांना पत्र लिहायला बसलो होतो."

मामंजी कचेरीत गेले नव्हते. ते खिडकीबाहेर उभे होते. तिथूनच त्यांनी विचारले, "डाक्तर, विलायतेत तर सगळ्यांना असंच मिळत असेल?"

"नाही," डाक्तर म्हणाला. "साहेबांना मी विचारलं होतं. ज्याच्याजवळ पैसा आहे तो देतो. अगदीच गरीब असला तर त्याला धर्मादाय."

"एवढा श्रीमंत देश, आणि?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, सगळ्यांना द्यायचं तर परवडणार नाही."

आपल्याच घराचे उणे कोणी काढावे तसे मामंजींना लागले. ते खिडकीतून म्हणाले, "न देताच कसं कळलं, परवडत नाही ते?"

"माझ्याकडे तर एकच कपाट आहे," एवढेच डाक्तर म्हणाला, आणि मला स्टुलावर बसायला सांगितले.

मी भिंतीकडे तोंड करून बसले, त्यामुळे मला त्याच्याकडे बघावे लागले नाही. त्याने पिचकारीने कोमट पाणी कानात सोडले. तीन वेळा सोडले. चौथ्या वेळी खालच्या भांड्यात कापसाचे दोन बोळे पडले आणि त्यांच्या मागून लसणीची एक अख्खी पाकळी.

"अगंबाई, ही इथं होती होय," सासूबाई म्हणाल्या. "मी चुलीपाशी शोधली."

डाक्तराने पुन्हा नळी लावून पाहिले. आत अजून घाण आहे, म्हणाला. "आठ दिवस रोज धुवायला आणा. नाही आणलं तर हा कान जाईल, आणि दुसऱ्याचंही सांगत नाही." मग त्याने दोन्ही कानांत औषधाचा कापूस घट्ट बसवला.

त्या संध्याकाळी मामंजी ओटीवरून आत सासूबाईंना म्हणाले, "झालं ना एकदा दाखवून? आता रोज रोज तिला कशाला? कान कसा आहे ते काका जाऊन सांगतील." हे सासूबाईंनी मला सांगितले, ते त्यांच्या ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून समजले. मी त्यांच्या कानाशी गेले आणि हळूच सांगितले की मला रोज जायचे आहे, नाही गेले तर मी मावशीसारखी बहिरी होईन.

हळूच, असे मला वाटले. दोन्ही कानांत कापूस असताना आपला आवाज आपल्याला कळत नाही. सासूबाई दचकून मागे सरल्या. ओटीवरचे बोलणे थांबले. समोरच्या घरातून मिठागरवाल्यांची बायको दिवा घेऊन बाहेर आली, असे मागाहून कळले.

पुढचे मला काकांनी नंतर सांगितले. मामंजींनी विचारले, "कोण बोललं?"

"सूनबाई," काका म्हणाले.

"तिचा आवाज असा आहे?"

दोन वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता. मिठागरवाल्यांनी "सगळ्यांना..." एवढे म्हणायला तोंड उघडले, तर मामंजी म्हणाले, "तुम्ही गप्प बसा हो. डाक्तर आठ दिवस म्हणालाय ना? मग आठ दिवस."

मी आठ दिवस गेले. सोबतीला काका येत. तिसऱ्या दिवशी डाक्तराने सवयीने त्यांनाच आधी जीभ दाखवायला सांगितले, आणि त्यांनी दाखवलीही.

आठव्या दिवशी डाक्तराने खिशातले घड्याळ काढले आणि माझ्या डाव्या कानाशी धरले. टकटक ऐकू आली की सांगा, म्हणाला. मग घड्याळ हळूहळू दूर नेऊ लागला. एक वीत, दोन विती, हातभर.

"येतंय ऐकू," काका मागून म्हणाले.

"तुम्हाला कोणी विचारलंय?" डाक्तर म्हणाला.

घड्याळ अजून थोडे मागे गेले. मी भिंतीकडेच पाहत होते. टकटक बारीक झाली होती, पण होती.

"येतंय," मी म्हटले.