चाचींचा न चाखलेला मासा

इथे आखातात, करामा वस्तीत, आमच्या शेजारी रत्नागिरीच्या एक चाची राहतात. त्या गोष्ट सांगत नाहीत, करून दाखवतात. मला बोलायला सुचत नाही, म्हणून त्यांच्याकडे बरं वाटतं.

मुलाने त्यांना जपानला बिवा तलावाकाठी नेलं. तिथल्या किल्ल्याबद्दल म्हणाल्या, "जिनेच जिने, खलास." पण तिथला भातात मुरवलेला मासा त्यांना चाखायचाच होता. मुलगा फोटो काढत होता, तेव्हा त्या एकट्याच दुकानात शिरल्या. दारू त्यांना वर्ज्य. माशात ती आहे का, हे विचारायला त्या दारुड्यासारख्या झुलल्या. म्हातारी दुकानदारीण घाबरली. तिने त्यांना खुर्चीत बसवून मातीच्या पेल्यात गरम चहा दिला.

"आणि मासा?"

"नाही खाल्ला गो. दारूचं कळलंच नाही. पण तिचा चहा प्याले, मग रिकाम्या हाताने कशी उठू? तो पेलाच विकत घेतला."

तसला एकच पेला घरात होता. त्यातला चहा त्यांनी माझ्यापुढे ठेवला.