सेलू ते चारठाणा, कॅनॉलच्या कडेनं

सेलूहून चारठाण्याला बहिणीकडे मी कितीदा गेलोय, पण रविवारी गाडी सुरू करण्याआधी फोनवर रस्ता लावलाच. हल्ली बाजारात जातानाही लावतो. भाचीचं लग्न होतं आणि मी तिचा एकुलता एक मामा. नवरीमागे अंतरपाटापाशी मामानंच उभं राहायचं. उशीर चालणार नव्हता. म्हणून फोननं वेळ वाचवणारी वाट दाखवताच वळलो.

"अहो, देवगाव फाट्यावरून सरळ डांबरी आहे की," बायको म्हणाली.

"इकडून लवकर दाखवतंय."

वाट कॅनॉलच्या कडेची. सुरुवातीला सुरेख, एकीकडे हरभरा, दुसरीकडे फुटलेला कापूस. मग काळ्या मातीत चाक रुतलं. रब्बीचं पाणी सुटलं की कॅनॉल पाझरतो, कडेला चिखल होतो. फोनला हे कुठून कळणार? मला मात्र ठाऊक होतं.

कापूस वेचणाऱ्या दोघी जवळ आल्या. "फोन बघून आलाव का? मंग त्यालाच म्हणा, उतर अन् ढकल!"

"फेटा बांधलाय गं," दुसरी म्हणाली. "नवरदेव हायत का काय?"

"मामा आहे नवरीचा."

"आरं देवा! चल गं, मामाबिगर लगीन लागायचं न्हाई."

त्या दोघी आणि बायको, तिघींनी ढकललं. तेवढ्यात बहिणीचा फोन: "दादा, कुठं हायस? नवरदेव मारुतीला निघाला!" मी मागच्या मागे गाडी घेत डांबरीवर आलो.

चारठाण्यात शिरलो, तर वरात अजून मारुतीसमोर नाचत होती. बँडवाल्यांवर इतकं प्रेम कधीच आलं नव्हतं.

"भटजींना सांगितलं व्हतं," भाची म्हणाली, "मामा येईस्तोवर मी उठत न्हाई."

लग्न लागलं. जेवणानंतर गावातली जुनी देवळं आणि उंच कोरीव खांब पाहिला. तिकीट नाही, पाणी मात्र सोबत न्या. आणि देवगाव फाट्यावरूनच या.

घरी आल्यावर विचार करत बसलो. ओळखीच्या रस्त्यावरही मला फोन का लागतो? वळण चुकलं तर दोष माझ्यावर नको, एवढंच असावं. अनोळखी शहरात तो लावीनच; त्याच्यावर राग नाही.

संध्याकाळी बहिणीनं फोनवर विचारलं, "पोचलास का दादा? जाताना रस्ता कुणाला विचारलास?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो, आणि फार बरं वाटलं.