फोस्कोच्या टेबलावरचा डाग

आमच्या करारा गावाच्या डोंगरात संगमरवराचं टेबल नाही असं अंगण सापडायचं नाही, पण अल्दुइनाच्या टेबलाइतकं पांढरं दुसरं नव्हतं. चाळीस वर्षांचा शेजार आमचा. तिचा नवरा फोस्को खाणीत दोरखंड तुटून दगडाखाली गेला, तेव्हा ती तिशीचीसुद्धा नव्हती. टेबल त्यानंच केलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सात जणांनी दगडाची फळी वरच्या खाणीतून वाहून आणली, आणि हा पठ्ठ्या रोज संध्याकाळी वाळू-पाणी टाकून हातानं घासत बसायचा. हाताचंच काम ते, जरा उंच-सखल राहिलं. तळवा फिरवला की बारीक लाटा लागायच्या.

अल्दुइनाची शिस्त कडक. सकाळी साठवलेलं पावसाचं पाणी, त्यात साबणाचा एखादा थेंब, मग लोकरीच्या फडक्यानं लख्ख कोरडं. थंडी पडली की वर लाकडी फळ्या, मधे हवेला फट ठेवून. नाहीतर दगडात मुरलेलं पाणी गोठून तडा देतं. लिंबू आणि वाइन तर टेबलाचे वैरीच. माझ्या मेव्हण्यानं एकदा पिळलेली लिंबाची फोड टेबलावर ठेवली आणि गप्पा मारत बसला. हिनं त्याची ताटली उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "भाऊ, आता इथंच जेवा. मांडीला डाग पडत नाही." मेव्हणा निमूटपणे जेवला हो!

एका वर्षी सप्टेंबरात अल्दुइना पडली, खुब्याचं हाड मोडलं, महिनाभर इस्पितळात. जाताना मला म्हणाली, "सिरियो, पाणी आणि कोरडं फडकं. त्यापलीकडे अक्कल चालवू नकोस."

"अगं, दगडाच्या गावात जन्मलोय मी."

"म्हणूनच सांगतेय."

आता माझी अक्कल ऐका. आमच्याकडे डुकराची चरबी मीठ-लसूण लावून संगमरवराच्या कुंडीत सहा-सहा महिने मुरवतात. माझ्या आजोबांच्या वेळची कुंडी अजून रेशमासारखी चमकते. मला वाटलं, दगडाला चरबी मानवते. अल्दुइना घरी येईल तेव्हा टेबल झळकलं पाहिजे, म्हणून आठ दिवस चरबीचा सालीकडचा तुकडा घेऊन चोळलं. काय चमकलं म्हणता! येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवलं मी. मग ऊन तापलं, चरबी आत उतरली, आणि टेबल म्हाताऱ्याच्या दातांसारखं पिवळं पडलं.

ती काठी टेकत आली. टेबलावर तळवा टेकवून तिनं विचारलं, "काय लावलंस?"

सांगितलं.

"कुंडी तळघरात असते, सिरियो. अंधारात, गारव्यात. हे उन्हात असतं."

दोन नोव्हेंबरला, आमच्या मृतांच्या दिवशी, फोस्कोबरोबर ती फळी वाहून आणणारे सोबती दरवर्षी त्या टेबलावर जेवायचे. हातात वीस दिवस होते. तिनं खडूची पूड आणि धुण्याचा सोडा कोमट पाण्यात कणकेसारखा मळला, टेबलावर जाड थापला, वर ओलं कापड टाकलं. सुकला की लाकडी पट्टीनं खरवडायचा, पुन्हा थापायचा. मळायचं काम माझं. थापायला मात्र मला हात लावू दिला नाही. सहा थर झाले. चरबी निघत गेली, पण एका कोपऱ्यात वीतभर पिवळा डाग राहिला तो राहिलाच.

मग दोरांदो आला, फोस्कोच्या टोळीतला. घासायचं यंत्र हातगाडीवर घालून आणलं होतं त्यानं. "एका तासाचं काम, वहिनी. वरचा थर काढतो, डाग गेला."

"आणि ह्या लाटा?"

"त्याही जातील. आरशासारखं सपाट होईल."

मला राहवेना. "करून घे, अल्दुइना. माझी नामुष्की तरी मिटेल."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुझी नामुष्की मिटवायला मी फोस्कोचा हात पुसून टाकू?"

दोरांदोनं टोपी काढली आणि यंत्र घेऊन परत गेला.

दोन तारखेला दुपारी उरलेले चौघे सोबती आले. दोरांदोच्या बायकोनं भीतभीत टेबलक्लॉथ पुढे केला. अल्दुइनानं घडी मोडली नाही, तशीच परत दिली. "इतकी वर्षं झाकलं नाही. आज का?" पाव, चरबीच्या पातळ चकत्या, घेवड्याचं सूप, सगळं उघड्या दगडावर मांडलं. मी मुद्दाम डागाशी बसलो. पिवळ्याकडे सगळ्यांची नजर गेली. दोरांदोनं मात्र जेवताना एकदा डावा तळवा दगडावरून सावकाश फिरवला.

जेवणं झाली, मंडळी गेली. मी ताटल्या गोळा करायला उठलो.

"ताटल्या मी नेते," अल्दुइना म्हणाली, "तू टेबल पूस."

मी लोकरीचं फडकं हातात घेतलं. तिनं ताटल्या एका हातावर रचल्या, दुसऱ्या हातानं काठी टेकली आणि आत गेली. मी कसा पुसतोय ते बघायला थांबली नाही.