योगवाल्या बाईंचं बीपी

"मशीन बिघडलंय," मी डॉक्टरांना म्हणाले. दंडाला पट्टा तसाच होता. समोर सतरंजीवर माझे सगळे पेशंट बसले होते आणि आकडा सगळ्यांनी पाहिला होता.

सोलापुरात भवानी पेठेतल्या एका क्लिनिकमध्ये मी योग थेरपिस्ट आहे. योग थेरपी म्हणजे डोक्यावर उभं राहणं नव्हे. बीपी, शुगर, कंबरदुखी अशा जुनाट आजारांच्या लोकांना झेपतील तेवढी आसनं आणि श्वसन शिकवायचं. औषध डॉक्टरांचं, आमचा त्याला टेकू.

माझे एक पेशंट सिद्रामप्पा या टेकूलाच खांब समजले. पेठेत त्यांचं चादरींचं दुकान, बीपी जुनं. त्या दिवशी क्लास संपताना म्हणाले, "मॅडम, गोळी सोडली की मी. तुमचा श्वासच बास हाय."

गोळी अशी मनानं सोडली तर बीपी अचानक चढतं, झटकाही येऊ शकतो. मी समजावलं. ते हसले. "तुमी कुटं गोळी घेता? तरी ठणठणीत हाय की."

खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं. तरी मी डॉक्टरांना बोलावलं. सिद्रामप्पा त्यांना हातच देईनात. "आधी मॅडमचं बघा." मी ऐटीत बाही वर केली. नॉर्मल बीपी कसं असतं ते लोकांना दिसेल, म्हटलं.

आकडा लई वरचा निघाला.

मशीनवर शंका घेतल्यावर डॉक्टरांनी स्वतःचं बीपी मोजून दाखवलं. ठीक होतं. मग मी म्हणाले, जिना चढून आले.

"तासभर झाला त्याला."

मग सकाळचा चहा. मग अपुरी झोप. शेवटी "आमच्या घरात कुणालाच बीपी नाही" हेही बोलून गेले. पेशंट हीच कारणं देतात तेव्हा मी किती समजूतदारपणे मान हलवते! आता सगळी सतरंजी तशीच मान हलवत होती.

"थोडा वेळ शांत बसा," डॉक्टर म्हणाले. "तुमची ती भ्रामरी करा."

भ्रामरी म्हणजे भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडणं. मी सगळ्यांसमोर गुणगुणले. आकडा थोडा उतरला, पण पुरेसा नाही.

आता सिद्रामप्पांनी स्वतःच हात पुढं केला. त्यांचंही वरच होतं.

"म्हंजे नुसत्या श्वासानं भागत न्हाय?"

"नाही. गोळी आजपासून पुन्हा चालू करा, डॉक्टर सांगतील तशी."

"आन् तुमी?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते पट्टा गुंडाळत होते.

"मलाही लागली तर मीही घेईन," मी म्हणाले.

लागली. पुढचे काही दिवस मोजून, तपासण्या करून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. आता आम्हा दोघांचं बीपी ताब्यात आहे. गोळी चालू आहे, मीठ कमी झालंय, श्वसनही रोज होतं. सिद्रामप्पा मात्र दारातूनच, सगळ्या क्लासला ऐकू जाईल असं विचारतात, "मॅडम, घेतली का?"

लोकांचं बीपी सांभाळणाऱ्यानं आधी स्वतःचं मोजावं. शक्यतो दार लावून.