घासून काढलेली पानं

आमच्या घरात देव नव्हते. धम्मदीक्षेनंतर आजोबांनी ते कन्हान नदीत सोडले आणि भिंतीतला देवांचा कोनाडा रिकामा राहिला. माझ्या लहानपणी तिथे रॉकेलची चिमणी असायची. पुढे बाबांनी त्यात दगड ठेवायला सुरुवात केली.

बाबा खापरखेड्याच्या रस्त्याला एका ठेकेदाराच्या आवारात कोळसा निवडत. कोळसा ट्रकमधून पट्ट्यावर पडे, पट्टा सरकत राही आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं कोळशातले दगड उचलून मागे फेकत. दिवसभर तेवढंच काम. मागे साचलेला ढीग रस्त्याच्या भरावाला जाई. त्यातले काही दगड पाटीसारखे पातळ असत, आणि फुटले की आत पान निघे. जिभेच्या आकाराचं, मधोमध जाड शीर, दोन्हीकडे बारीक जाळी. पहिलं पान घरी आलं तेव्हा आईला वाटलं, कोणीतरी बसून कोरलंय.

बाबांच्या सोबत पट्ट्यावर असणारे शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "देव बुडवले अन् गोटे बसवले का गा?"

"बसवले नाही. ठेवले. पाहाले."

बाबा हसले, पण मला ते झोंबलं. मी पत्रकांवर वाढलेली पोर. दरवर्षी दीक्षेच्या मैदानावरून बाबा पातळ पुस्तिका आणत. त्यांना अक्षरं जुळवायला वेळ लागे, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवायची. नवस, अंगारा, शेंदूर, सगळ्यांविरुद्ध माझ्याकडे तयार वाक्यं होती. कोनाड्यातला तो काळा दगड बघून मला वाटे, आता याला फक्त शेंदूर लागायचा बाकी आहे. ठेवायचेच असतील तर ते स्वच्छ असतील, असं मी ठरवलं.

आमच्या वस्तीत संध्याकाळ म्हणजे घासणं. विटेचा चुरा, राख, धुण्याचा सोडा. ढोपरं, भांडी, दाराची कडी, पोरांच्या माना. मानेवर काळं राहिलं तर शाळेत बोलणी बसत, आणि ती फक्त कोळशावरून नसत. त्याच हातानं मी दर रविवारी दगड घासले. पानावरचा काळा थर पाण्याबरोबर वाहून जाई, खाली राखाडी दगड आणि त्यात शिरांच्या रेषा उरत. बाबा दगड उजेडात धरून म्हणत, "आता कसं, माणसावाणी दिसून राहिलं."

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं तोवर कोनाडा भरला होता आणि बाबांचा दम गेला होता. बस स्टॉपपर्यंत यायचं तर ते दोनदा थांबत. वर्गात काचेचं कपाट होतं. प्रत्येक जीवाश्माखाली चिठ्ठी: काय आहे, कुठे सापडलं, कोणी आणलं. मी घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी शेवटचं पुन्हा विचारलं. कोणी आणलं, हे लिहितात?

"पट्ट्यावरच्या माणसाचंबी लिहितीन?"

"लिहावंच लागेल," मी म्हणाले. पुस्तिकेतलं वाक्य वाचावं तशी म्हणाले.

त्यानंतर चार दिवस ते दगड निवडत होते. हा नको, याचं टोक तुटलं. तो नको, त्यात पान आडवं आहे. शेवटी एक निवडला, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला. ठेकेदाराच्या हजेरीवहीत ते एक अंगठा होते. सही येत असूनही तिथे अंगठाच घेत. काचेआडची ती चिठ्ठी त्यांना हवी होती. तेवढंच हवं होतं.

कॉलेजात आमच्या सरांनी तो दगड उलटसुलट केला आणि विचारलं, "हा घासलाय का कोणी?"

मी अभिमानानं हो म्हणाले.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. पान दलदलीत पडतं. वर लगेच गाळ बसला, हवा लागली नाही, तर ते कुजत नाही. थरांवर थर चढतात, दाबानं पाणी आणि वायू निघून जातात आणि पानातला कार्बन तेवढा काळ्या पापुद्र्यासारखा उरतो. तो पापुद्रा म्हणजे खुद्द पान. त्यावरून पानाची कातडी, तिची छिद्रं, तेव्हाची हवा किती थंड होती, हे कळू शकतं. इथे तेव्हा चांगलीच थंडी होती. हेच पान आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात सापडतं, कारण त्या जमिनी आपल्याला जोडलेल्या होत्या. "तुमच्याकडे आता नुसता ठसा आहे," ते म्हणाले. "ठसे आमच्याकडे पुष्कळ आहेत."

बसमध्ये मी ठरवलं, खोटं बोलायचं नाही. आपल्याच माणसाशी खोटं बोलणं म्हणजे गुलामीला शरण जाणं, असं मी कितीदा मोठ्यानं वाचलं होतं. घरी सगळं सांगितलं. घासणारी मीच, हेही.

बाबांनी कोनाड्यातला एक घासलेला दगड उचलला. "एवढी वर्सं टिकलं," ते म्हणाले, "अन् आपण सोड्यानं धुतलं." मग त्यांनी थंडीचं पुन्हा विचारलं. नागपुरात थंडी, याचं त्यांना हसू आलं. हसताना खोकला आला, आणि खोकला थांबेना.

दोन महिन्यांनी त्यांनी एक दगड आणला, काळा, तुकतुकीत पानाचा, कागदात गुंडाळून. आईला, मला, कोणालाच हात लावू दिला नाही. तोवर त्यांना पट्ट्यावरून काढून फाटकाशी बसवलं होतं. हा दगड शेजारच्या काकांनी पट्ट्यावरून उचलून दिला होता.

सर खूश झाले. पेन काढून त्यांनी विचारलं, "कुठल्या खाणीतला? कुठल्या थरातला?"

आवारात तीन-चार खाणींचा कोळसा एकाच ढिगात पडे. कुठला दगड कुठून आला, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सरांनी पेन ठेवून दिलं. जागा माहीत नसलेला नमुना कपाटात ठेवता येत नाही, तो काहीच सिद्ध करत नाही, असं ते म्हणाले. मी भांडले. मजुराचं नाव आलं की नियम आठवतात, असंही बोलून गेले. ते रागावले नाहीत. नियम खरा होता, हे मलाही ठाऊक होतं. त्यांनी दगड प्रॅक्टिकलच्या टेबलावर ठेवला, मुलांना चित्र काढायला.

घरी बाबांनी विचारलं, "ठेवला?"

"टेबलावर ठेवला. मुलं हातात घेऊन बघतात."

"काचेत नाही?"

"नाही."

ते भिंतीला टेकले. "मंग पुसून जाईन वं ते," म्हणाले. पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात बाबा गेले. पुढे प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तो दगड माझ्यासमोर आला. मधली शीर तेवढी काळी होती, बाकी सगळा राखाडी. मी बोटं कडेला धरली आणि चित्र काढलं.